पोटरीचं ड्रिल

पिवळी पिशवी उचलली, मांडीला टेकवून दोन पावलं चाललो, आणि पोटरीत काहीतरी चावलं.

वाटलं मुंगळा असेल. पिशवी खाली ठेवली, पँट वर केली. मुंगळा नव्हता. पिशवीच्या बुडातून एक सुई बाहेर डोकावत होती, आणि पोटरीवर ज्वारीच्या दाण्याएवढा रक्ताचा थेंब.

आता पिवळ्या पिशवीत सुई नसते. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, भिंतीवरचा तक्ता मीच चिकटवलेला. पिवळ्या पिशवीत रक्ताचे बोळे, पट्ट्या. सुया जातात पांढऱ्या डब्यात. जाड प्लास्टिकचा डबा, सुई आरपार जात नाही. आणि डबे होते की. आदल्या दिवशीच आलेले, नवेकोरे, प्रत्येक वॉर्डात भिंतीला लावलेले. तिथंच तर घोळ होता.

त्या दिवशी हॉस्पिटलची तपासणी होती. बाहेरून एक मॅडम येणार, सगळं बघणार, पसंत पडलं तर सर्टिफिकेट मिळणार. डॉक्टर गुगळे, म्हणजे आमचे मालक, आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो, त्यांना ते सर्टिफिकेट पाहिजेच होतं. त्यासाठी त्यांनी पुण्याचा एक माणूस ठेवलेला, बिडवे सर. क्वालिटीचा माणूस. शर्ट कायम इन, हातात कायम टॅब. बिडवे सरांनी डबे लावून घेतले आणि सगळ्या नर्सना गोळा करून सांगितलं, "तपासणी होईपर्यंत यात कोणी काही टाकायचं नाही. मॅडमना डबा स्वच्छ दिसला पाहिजे."

"मग सुया कुठं टाकायच्या सर?" कांबळे नावाची नवी नर्स होती, तिनं विचारलं.

"ते तुम्ही मॅनेज करा."

त्यांनी मॅनेज केलं. माझ्या पोटरीत.

मी तेव्हा तिथं वॉर्डबॉय होतो. आमच्याकडे हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामा म्हणतात. मला धड मिसरूड फुटलेलं नव्हतं आणि साठ वर्षांच्या आज्या मला हाक मारायच्या, "ओ मामा, भांडं द्या." सुरुवातीला लाज वाटायची. नंतर मीच भाचरांची चौकशी करायला लागलो.

पण त्या सकाळी मामा थंड पडला. दोन कारणं. एक म्हणजे नुकतीच माझी सुपारी फुटली होती. मुलगी श्रीगोंद्याकडची, वैजयंता. रोज फोन चालायचे. आणि दुसरं म्हणजे ज्या वॉर्डातून मी पिशवी उचलली, तिथं खिडकीजवळ एक टँकर ड्रायव्हर होता. माणूस गोड. त्याच्या फाइलवर एचआयव्ही लिहिलेलं, ते आम्हा सगळ्यांना माहीत, आणि कोणी बोलायचं नाही. सकाळीच त्याचं रक्त काढलेलं. आता वॉर्ड पेशंटनं भरलेला होता, सुई त्याचीच असेल असं काही नाही. पण त्याची नसेल असं तरी कोण सांगणार? सुईवर नाव नसतं.

मी साळवे सिस्टरकडे गेलो. एस्तेर साळवे, आमच्या इन्चार्ज. जाड भिंगाचा चष्मा, पांढरे बूट, आवाज असा की वरच्या मजल्यावरचा नातेवाईक बिडी विझवायचा.

"सिस्टर, टोचली."

त्यांनी मान वर केली. "कुठं?"

"पोटरीत. पिवळ्या पिशवीतनं."

त्यांनी मला नळाखाली उभं केलं. एका पायावर, दुसरा पाय बेसिनमध्ये. साबण हातात दिला. "धू. पिळू नको, दाबू नको, नुसतं धू. वाहू दे पाणी."

"काय होईल सिस्टर?"

"बहुतेक काही नाही होणार."

"बहुतेक?"

"गोळ्या असतात. जेवढ्या लवकर सुरू होतील तेवढं चांगलं. तास दोन तासात झाल्या तर उत्तम. आपल्याकडे कीट आहे."

मला वाटलं झालं, सुटलो. कीट मी पाहिलं होतं. सिस्टरच्या काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, लाल अक्षरांचं खोकं. त्यावर बिडवे सरांनी चिकटपट्टी मारून सही केलेली. सील. मोठ्या सरांच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही.

आम्ही मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गेलो. सर आरशात बघून टाय बांधत होते. एरवी ते टाय घालत नसत, त्यामुळे गाठ जमत नव्हती.

"सर, गोरखला सुई टोचली," सिस्टर म्हणाल्या. "कीट उघडायचं आहे."

सरांचे हात टायवरच थांबले. "आजच टोचायची होती?"

"सुईला तारीख कळवली नव्हती सर."

"सिस्टर, मॅडम गेटपाशी आल्यात. बाहेरचा बोर्ड बघितलाय ना तुम्ही?"

बोर्ड सगळ्यांनीच बघितला होता. रिसेप्शनच्या मागे, खडूनं लिहायचा हिरवा बोर्ड. वर लिहिलेलं, 'या वर्षात कर्मचाऱ्यांना सुई टोचण्याच्या घटना', आणि पुढे हे एवढं मोठं शून्य. खाली 'मॉक ड्रिल', म्हणजे टोचल्यावर काय करायचं त्याची रंगीत तालीम, तिथंही शून्य. बोर्ड बिडवे सरांचा. आकडा आमचा. वर्षभरात टोचली नव्हती अशी एक पोरगी स्टाफमध्ये सापडली नसती. पण टोचली की बोट तोंडात घालायचं, चोखायचं आणि पुढच्या पेशंटकडे जायचं. सांगायला गेलं की "नीट काम करता येत नाही का?" हे ऐकून घ्यायचं. मग कोण सांगतं? ते शून्य असं जमलेलं.

"आज सील तोडलं तर मॅडमना काय दाखवू? रिकामं खोकं?" सर म्हणाले. "आणि हा आकडा? उद्या सकाळी पहिलं काम गोरखचं. माझा शब्द."

"उद्या उशीर होईल सर."

"गोळ्या सुरू करायला बहात्तर तास असतात सिस्टर. मीपण डॉक्टर आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घाबरू नको रे. लाखात एखाद्याला होतं."

मी मान हलवली. मालकासमोर मान आपोआप हलते. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. माझ्या आईचं अपेंडिक्स त्यांनी मध्यरात्री उठून काढलेलं. पण त्या दिवशी त्यांना टाय आवळत होता.

बाहेर आल्यावर सिस्टर कॉरिडॉरमध्ये उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. तेवढ्यात बिडवे सर धावत आले.

"सिस्टर, मॅडम म्हणतायत आधी ड्रिलच दाखवा. सुई टोचल्याचं. कांबळे तयार आहे ना?"

"कांबळे नको," सिस्टर म्हणाल्या. "ती मॅडमसमोर हसते. गोरखला घ्या."

"हा? याला स्क्रिप्ट येते का?"

"त्याची पाठ आहे."

मला काही पाठ नव्हतं. मला रडू येत होतं. माझ्या डोळ्यांसमोर वैजूचा बाप दिसत होता आणि ही बाई मला नाटकात घेत होती. बिडवे सर पुढे गेल्यावर मी सिस्टरचा हात धरला. एरवी धरला असता तर कानफटात बसली असती.

"सिस्टर, मला खरं टोचलंय."

"माहीत आहे."

"मग मी नाटक कसं करू?"

"करू नको. जे झालं ते सांग. वाढवू नको, कमी करू नको." आणि चालायला लागल्या.

मॅडमचं नाव देवस्थळी. बारीक, पांढरे केस, सुती साडी, चेहऱ्यावर काहीच नाही. बस किती वाजता सुटते एवढंच विचारायला आल्यात असं वाटावं. त्यांच्या मागे मोठे सर, बाजूला बिडवे सर, आणि दाराला लटकून अर्धा स्टाफ.

"सुरू करा," मॅडम म्हणाल्या.

मी सुरू केलं. "सिस्टर, मला सुई टोचली."

"कुठं?"

"पोटरीत."

बिडवे सर खाकरले. हळूच म्हणाले, "बोट. स्क्रिप्टमध्ये बोट आहे."

"पोटरी आहे सर," मी म्हणालो.

"अरे, बोट."

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "पोटरीतसुद्धा टोचते. कशी टोचली?"

"कचऱ्याची पिवळी पिशवी नेत होतो मॅडम. त्यात सुई होती."

मॅडमनी भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याकडे बघितलं. डबा लखलखत होता. "सुया त्यात टाकायच्या ना? मग पिशवीत कशी आली?"

कांबळे दाराआड गेली. बिडवे सरांनी टॅब छातीशी धरला आणि म्हणाले, "मॅडम, तो सिनॅरिओ आहे. सगळ्यात वाईट काय होऊ शकतं, ते आम्ही मुद्दाम घेतलंय."

"छान विचार केलाय," मॅडम म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

सिस्टरनी मला परत नळाखाली उभं केलं. परत एक पाय बेसिनमध्ये, परत साबण. मग बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि सिरिंज काढली.

"खरंच रक्त काढताय?" मॅडमनी विचारलं.

"आमच्याकडे अर्धं काही करत नाही मॅडम."

रक्त काढलं, बाटलीत भरलं, नाव घातलं. मग सिस्टर ती वापरलेली सुई घेऊन सगळ्यांसमोर चालत गेल्या आणि नव्या कोऱ्या पांढऱ्या डब्यात टाकली. टक्. त्या डब्यातली पहिली सुई. बिडवे सरांनी डोळे मिटून घेतले.

"आता औषध," सिस्टर म्हणाल्या. कपाट उघडलं, खोकं टेबलावर ठेवलं. "सर, परवानगी द्या. सही लागते."

मोठे सर जागचे हलले नाहीत. सिस्टरनी पेन पुढे धरलं. मॅडम बघत होत्या. बिडवे सर बघत होते. दारातला सगळा स्टाफ बघत होता. मी तर बघतच होतो. सरांच्या कपाळावर घाम आलेला आणि टायची गाठ पार एका बाजूला गेलेली.

"सिस्टर," सर अगदी गोड आवाजात म्हणाले, "ड्रिल आहे. गोळी नुसती दाखवली तरी चालेल."

"दाखवलेली गोळी पोटात जात नाही सर."

मॅडम पहिल्यांदा थोडं हसल्या. सरही हसले, त्यांना हसावंच लागलं. आणि सही केली. सिस्टरनी कात्रीनं सील कापलं, गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या, ग्लास दिला.

गोळी जिभेवर ठेवली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इतका वेळ बावळटासारखा या बाईवर राग धरून बसलो होतो. मी पाणी प्यालो. पूर्ण ग्लास. आणखी मागितलं.

मॅडम खुर्चीवरून उठल्या, माझ्यापाशी आल्या. "पाय बघू."

मी पँट वर केली. धुतल्यावरही तिथं परत एक बारीक ठिपका आलेला.

"हे रक्त कसं केलं?"

"मेकअप मॅडम," बिडवे सर म्हणाले. "कुंकू आणि ग्लिसरीन."

मॅडमनी चष्मा लावला. वाकल्या. बराच वेळ बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, मग सिस्टरकडे. सिस्टर सिरिंजच्या वेष्टनाची घडी घालत होत्या, वेष्टनाची घडी कोणी घालताना मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

"मेकअप चांगला जमलाय," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी गाडीत बसताना त्यांनी काच खाली केली. "सिस्टर, ड्रिल अर्धवट सोडायचं नसतं. औषध महिनाभर असतं. पुढच्या रक्ततपासण्या असतात. त्याही ड्रिलमध्ये धरा. मी फोन करून विचारीन."

"धरतो मॅडम," मोठे सरच म्हणाले.

तर असं माझं ड्रिल महिनाभर चाललं. सकाळी गोळी, मग मळमळ, मग दुपारपर्यंत जिभेवर गंज चढल्यासारखी चव. वैजूला फोनवर सांगितलं, हॉस्पिटलचं ड्रिल चालू आहे, त्यानं मळमळतं.

"असलं कसलं ड्रिल?" ती म्हणाली. "पोलिसात लागलात का काय?"

लग्नाची तारीख मी पुढे ढकलत राहिलो. आधी चुलत्याचं गुडघ्याचं दुखणं काढलं, मग घराचा रंग. तिच्या बापाला वाटलं पोराच्या मनात दुसरी आहे. तो एक दिवस न कळवता हॉस्पिटलात आला, मला पेशंटची संडासाची भांडी धुताना बघितलं, आणि समाधानानं परत गेला. असल्या कामात दुसरी कोण मिळणार, असं त्याला वाटलं असावं.

मॅडमचा फोन दर रक्ततपासणीला यायचा. शेवटचा रिपोर्ट आला त्या दिवशी सिस्टरनी मला बोलावलं आणि कागद पुढे सरकवला. "ड्रिल संपलं. लग्न कर." आणि पुढच्या पेशंटचं बीपी बघायला गेल्या. मी जिन्याखाली, झाडूंच्या खोलीत जाऊन बसलो. जरा वेळानं बाहेर आलो तर आजीबाई ओरडत होत्या, मामा कुठं मेला म्हणून.

सर्टिफिकेट आलं. काचेत लागलं. सोबतच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'सुई टोचण्याचं ड्रिल अत्यंत वास्तव.' बिडवे सरांनी तेवढी ओळ मोठी करून वेगळी फ्रेम केली.

आणि मग एका दुपारी कांबळे सिस्टरच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. एक हात दुसऱ्या हातात धरलेला.

"सिस्टर, माझं पण एक ड्रिल घ्याल का?"

सिस्टरनी तिच्या बोटाकडे बघितलं. "कधीचं?"

"आत्ताचं."

"गोरख, साबण आण."

तेव्हापासून सुरू झालं ते. एक्स-रेवाला, लॅबमधली पोरगी, झाडूवाल्या मावशी. टोचली की कोणी टोचली म्हणायचं नाही. "सिस्टर, ड्रिल आहे." बस्स. त्यावर कोणी कोणाला नीट काम करता येत नाही का असं विचारायचं नाही, उलट शाब्बासकी. बिडवे सर खूश. बोर्डावर वर शून्य तसंच, खाली ड्रिलचा आकडा चढतोय. पुण्याला एका सभेत त्यांनी यावर भाषण दिलं, इतकी ड्रिल करणारं दुसरं हॉस्पिटल नाही म्हणाले. आणि गंमत म्हणजे पांढरे डबे खरंच भरायला लागले. आधी ड्रिल वाढली, मग डबे भरायला लागले तसं टोचणंच कमी झालं. आता याला काय म्हणायचं मला कळत नाही. खोटं म्हणावं तर जिवावरचं दुखणं त्या खोट्यानंच टाळलेलं.

मोठ्या सरांना हे माहीत होतं का? मला वाटायचं नसावं. परवानगीचा कागद पुढे केला की सही करायचे, कधी काही विचारायचे नाहीत.

मग तो दिवस आला. माझं लग्न होऊन गेलेलं, वैजूला दिवस गेलेले. हायवेवरचा अपघात आला होता, एक बेवारस माणूस, खिशात कागद नाही, शुद्ध नाही. सरांनी त्याला ऑपरेशनला घेतलं. माणूस वाचला. दुपारी मी सिस्टरच्या टेबलाशी चादरी मोजत होतो, तर सर आले. ऑपरेशनचा हिरवा डगला अजून अंगात. डावा हात पाठीमागे.

इकडंतिकडं बघितलं. कपाटाकडे बघितलं. मग म्हणाले, "सिस्टर, या महिन्यात ड्रिल घ्यायचं राहिलंय ना?"

सिस्टरनी मान वर केली. चष्म्यावरून बघितलं.

"राहिलंय की सर. कोणाचं घेऊ?"

"माझंच घ्या."

"कुठं?"

सरांनी हात पुढे केला. अंगठ्याशेजारचं बोट. टाके घालताना सुई गेलेली.

"स्क्रिप्टप्रमाणे आहे," सिस्टर म्हणाल्या. आणि मग, आवाजात जराही फरक न करता, "उद्या सकाळी घेऊ या का सर? पहिलं काम तुमचं. बहात्तर तास असतात."

सर खाली बघत राहिले. हात तसाच पुढे. मला वाटलं आता सिस्टरची नोकरी गेली.

"नको," सर म्हणाले. "आत्ताच."

"गोरख, साबण आण."

मी साबण आणला. सर नळाखाली बोट धरून उभे राहिले, आम्ही सगळे उभे राहायचो तसेच, जरा वाकून, पाण्याकडे बघत. तिथून बोर्डाची कड दिसते. त्यांनी तिकडं बघितलं.

"सिस्टर, बोर्डावर..."

"शून्यच राहील सर. काळजी करू नका."

यावर त्यांना बरं वाटायला पाहिजे होतं. तसं दिसलं नाही. सिस्टरनी रक्त काढलं, खोकं उघडलं. परवानगीसाठी पेन पुढे केलं, सरांनी स्वतःच्या औषधाला स्वतः परवानगी दिली. गोळी घेतली. मी ग्लास धरून उभा होतो. ग्लास परत देताना त्यांनी माझा हात जरा धरून ठेवला.

"मळमळतं का रे फार?"

म्हणजे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं. इतक्या दिवसांनी.

"ड्रिलमध्ये थोडं मळमळतं सर," मी म्हणालो. "जेवून घेत जा."

त्यांनी मान हलवली. अगदी तशीच, जशी मी त्यांच्या केबिनमध्ये हलवली होती.

ते गेल्यावर सिस्टरनी मला खडू दिला. मी रिसेप्शनमागे गेलो, खालचा ड्रिलचा आकडा पुसला आणि एकानं वाढवून लिहिला. वरच्या शून्याला हात लावायचं काही काम नव्हतं.